लाकूड थांबतं

आमचं टेबल सध्या तीन खोल्यांत विभागून राहतं. वरची फळी बैठकीच्या खोलीत दाराआड उभी आहे, खण कपाटाच्या डोक्यावर चढलेत आणि पाय पलंगाखाली आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, "घर बदलताय की काय?" बदलत नाही. एक जुनं टेबल दुरुस्तीला काढलं आणि ते अर्धवट सुटं होऊन पडलेलं असतानाच घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. यातली एकच गोष्ट केलेली माणसं हे ऐकून हसतात. दोन्ही केलेली माणसं हसत नाहीत. ती फक्त विचारतात, "पिल्लू केवढंय?" आणि उत्तर ऐकल्यावर टेबलाबद्दल काही विचारत नाहीत.

टेबल आधीचं. मावशीच्या अडगळीच्या खोलीत जुन्या रद्दीखाली ते कित्येक वर्षं उभं होतं. "न्यायचं तर ने गं, मला तेवढीच जागा मोकळी होईल," मावशी म्हणाली. त्यामागे कुणा आजोबांची आठवण वगैरे नाही. ते मुळात कुणाचं होतं हे मावशीलाही सांगता आलं नाही. सागवानी, तीन खणांचं, लिहायचं टेबल. फळीवर शाईचे डाग, एक पाय डुगडुगणारा आणि खणांना आतून कुणीतरी कधीतरी फासलेला पोपटी रंग. मी भाळले ती खणांच्या कोपऱ्यांवर. तिथं एकही खिळा नाही. लाकडातच कापलेले, टोकाकडे रुंद होत जाणारे दात एकमेकांत अडकवलेत; याला सुतारकामात डव्हटेल म्हणतात. दातांमधली अंतरं थोडी कमीजास्त होती. म्हणजे ते कुणीतरी करवत आणि पटाशी हातात घेऊन, डोळ्यांच्या अंदाजानं कापले होते.

पिल्लाचं नाव भुंगा. दिसेल ते लाकूड पोखरायला जातो म्हणून मुलीनं ठेवलं. "कुठल्या जातीचा?" असं कुणी विचारलं की नवरा गंभीर चेहऱ्यानं "आंतरजातीय" म्हणतो. आला तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांचा होता आणि दिवसातले अठरा-वीस तास झोपायचा. एवढ्या लहान पिल्लांना तेवढी झोप लागतेच. उरलेल्या चार-सहा तासांत तो सगळ्या घराचं काम बंद पाडायचा.

जुन्या फर्निचरला हात लावताना 'काय लावू' याच्या आधी 'काय लावलेलं आहे' हे बघावं लागतं. परीक्षा सोपी असते. फळीच्या खालच्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ धरायचा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते शेलॅक, म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण लॅकर थिनरनं विरघळलं, तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही, तर तेलाचं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारं हल्लीचं पॉलिश, आणि मग खरवडणं आलंच. आमचा बोळा तपकिरी झाला. मी आनंदानं घरभर सांगत फिरले, पण त्यात आनंद मानण्यासारखं काय आहे ते कुणाला कळलं नाही. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

चपडा किड्यांपासून मिळतो. लाखेचे किडे फांद्यांवर जे रेझीन सोडतात ते खरवडून घेतात, धुऊन-वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात. पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळले की पॉलिश तयार. शुद्ध केलेलं शेलॅक औषधाच्या गोळ्यांवर लेप म्हणूनही चढवतात. त्याचे दोष सगळ्यांना पाठ असतात: ओला पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं, गरम भांडं ठेवलं की डाग पडतो. गुण मात्र काम करायला घेतल्यावर कळतात. वाळून वर्षं लोटली तरी शेलॅक पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळतं. त्यामुळे नवा थर जुन्याच्या वर नुसता बसत नाही, त्याच्यात मिसळून जातो. उडालेल्या जागा भरून काढता येतात, चरे बुजवता येतात, आणि मनासारखं नाही झालं तर पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

सांधे कशानं जोडलेत हे मात्र मी शोधून काढलं नाही, भुंग्यानं काढलं. तेव्हा टेबलाचा सांगाडा अजून अखंड होता. आल्यानंतर थोड्याच दिवसांत तो सगळी खेळणी ओलांडून सांगाड्यापाशी गेला, पोटावर बसला आणि एका पायाचा वरचा सांधा चाटायला लागला. नुसतं लाकूड नाही, नेमका सांधा. तिथून उचलून बाजूला ठेवलं की पुन्हा तिथेच. शेवटी मी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्या फटीवर धरलं आणि वर आला तो वास ओळखता आला: सरस. प्राण्यांची कातडी आणि हाडं उकळून केलेला जुना डिंक. आपल्या दृष्टीनं ते वाळलेलं चिकट द्रव्य. त्याच्या दृष्टीनं कुणीतरी लाकडात पुरून ठेवलेलं हाडूक. कुत्र्याच्या नाकापुढे माझ्या बोळ्याची काय कथा!

सरसाचाही तोच स्वभाव. ऊब आणि ओलावा मिळाला की तो सैल पडतो. व्हायोलिन करणारे कारागीर अजून सरसच वापरतात, कारण वाद्य कधीतरी उघडावं लागणार हे त्यांनी जोडतानाच धरून चाललेलं असतं. हल्लीचा पांढरा डिंक पक्का खरा, पण एकदा लाकडात मुरला की त्यावर दुसरा थर नीट धरत नाही. आधीचा सगळा घासून काढावा लागतो. सरसावर नवा सरस धरतो. वाफ देत देत, पाचरीनं हळूहळू फट रुंदावत मी पाय सुटे केले, तेव्हा सांध्याच्या आतलं लाकूड कोवळ्या रंगाचं आणि पटाशीच्या खुणांसकट तसंच होतं. डुगडुगणाऱ्या पायाचं लाकूड शाबूत होतं, फक्त सरस भुगा होऊन गळला होता. ज्यानं हे टेबल केलं त्यानं नंतर येणाऱ्यासाठी परतीची वाट ठेवली होती.

हा विचार नवा नाही. 1877 साली लंडनमध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. त्या काळी जुन्या चर्चच्या भिंतींवरचं प्लास्टर खरवडून त्यांना 'मूळ रूप' द्यायची टूम होती, आणि या मंडळींचा त्याला विरोध. म्हणून संस्थेला 'अँटी-स्क्रेप' असं टोपणनाव पडलं. आज संग्रहालयांत वस्तूंवर काम करणारी माणसंही साधारण हेच सांगतात: शक्य तितकं कमी करा, आणि जे कराल ते पुढच्याला काढता येईल असं करा. मला हे फार मानवलं. शाईचे डाग तसेच ठेवायला मला यातूनच कारण मिळालं. लोहयुक्त जुनी शाई ऑक्झॅलिक ॲसिडनं फिकी पडते, पण ते विषारी असतं आणि घरात जमिनीच्या पातळीवरून सगळं चाटत जाणारा एक जीव होता. मॉरिसचं नाव घेतलं की हा भित्रेपणा तत्त्वासारखा दिसतो.

तर, काहीही करा, ते परत फिरवता येतं, अशा भरवशावर माझे हात चालत होते. वर्षानुवर्षं घाईत राहणाऱ्या माणसाला हा भरवसा किती सुखाचा असतो हे ज्यानं त्यानं अनुभवावं. चुकलं तर स्पिरिट आहे. वेळ नसेल तर लाकूड थांबतं. पावसाळ्यात थोडं फुगेल, तेही रेषांना आडवं, लांबीत नाही. कोरड्या हवेत पुन्हा आकसेल. महिनाभर हात लावला नाही तरी त्याचं काही अडत नाही.

भुंग्याला स्पिरिट लागू पडत नाही.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ वेगळा असतो. या काळात जे दिसेल, ऐकू येईल, अंगाला लागेल ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होतं. नंतर जे पहिल्यांदा समोर येतं त्याला ते आधी घाबरतं. 1961 साली डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्व्हिल एलियट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात आईबरोबर, माणसांपासून दूर वाढवलं आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या वयात माणसांचा सहवास दिला. ज्यांना चौदा आठवडे होईपर्यंत तो मिळालाच नाही ती पिल्लं माणसाच्या जवळ येईनात. रानटी प्राणी वागतात तशी वागली. नंतर त्यांच्यावर मेहनत घेऊनही फारसा फरक पडला नाही. भुंगा आठ आठवड्यांचा होऊन आमच्याकडे आला होता. म्हणजे निम्मा काळ आम्ही त्याचं तोंड पाहायच्या आधीच संपला होता.

त्यात लसीकरणाचा पेच. पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं असतात आणि ती लसीला निष्प्रभ करू शकतात. ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून काही आठवड्यांच्या अंतरानं डोस देत राहतात, ते सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पिल्लांच्या जिवावर उठणारा पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. थोडक्यात, लस म्हणते सोळा आठवडे जपा, आणि मेंदू म्हणतो चौदाव्याच्या आत जग दाखवा. पूर्वी पहिलं ऐकायचे आणि पिल्लाला कोंडून ठेवायचे. आता प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारे डॉक्टर सांगतात की पहिल्या डोसनंतर आठवडाभरानं, काळजी घेऊन, बाहेर न्यायला लागा. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "पाय जमिनीला लावू नका, पण डोळे-कान उघडे राहू द्या."

म्हणून नवरा रोज संध्याकाळी भुंग्याला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. ट्रक बघितला का, हेल्मेट घातलेला माणूस बघितला का, चाकाची खुर्ची, कुबड्या, दाढी, उघडणारी छत्री, रडणारं मूल. मुलीनं यादी करून फ्रीजवर लावली होती आणि ती बाबाला रोज हजेरी विचारायची. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं "जरा फिरायला जा" म्हणत आले, तो रोज तासभर घराबाहेर उभा राहू लागला, हा आणखी एक फायदा.

यादीत सँडर माझा होता. लाकूड घासायचं ते विजेचं यंत्र मी टेबलासाठीच घेतलं होतं. आपल्याला ते नुसतं कर्कश वाटतं. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. म्हणजे त्या यंत्रातून काय काय निघतं यातला वरचा सगळा भाग आपल्याला माहीतच नाही. घाबरण्याच्या वयातल्या पिल्लाशेजारी ते एकदा धाडकन सुरू केलं, तर पुढची बारा-चौदा वर्षं मिक्सर, केस वाळवायचं यंत्र, शेजारचं ड्रिल, सगळ्याला तो पलंगाखाली जाऊन बसणार. टेबलावरचा चरा मी तासाभरात बुजवला असता. हा बुजवायला कुठलाच बोळा नाही.

"मग यंत्र तसंच ठेवणार का?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं त्याची पावती सांभाळून ठेवलेली होती.

तसंच नाही ठेवलं. आधी बंद यंत्र जमिनीवर, त्याच्या आजूबाजूला खाऊ. भुंग्यानं ते हुंगलं, त्याच्या वायरवर डोळा ठेवला, वायर काढून घेतली. मग फोनवर तसला आवाज, अगदी बारीक, तो जेवत असताना. मग घराच्या दुसऱ्या टोकाला, दोन दारं लावून, क्षणभर यंत्र सुरू आणि लगेच बंद. डॉक्टरांनी दिलेली कसोटी मला फार उपयोगी पडली: खाऊ घेतो का बघा. कान मागे गेले तरी खाऊ घेतोय, तर चाललंय ते ठीक. आवडता खाऊ समोर असून तोंड फिरवलं, तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. 'धीट होईल हळूहळू' म्हणून पिल्लाला आवाजाशेजारी धरून बसणं हा जो प्रकार पुष्कळ घरांत चालतो, तो मला क्रूर वाटतो. त्यात पिल्लू धीट होत नाही, निपचित पडतं, आणि माणसं त्याला धीट झालं म्हणतात.

तोवर फळी हातानं घासली. तिचा एक भाग पार उघडा पडला होता, तिथे पॉलिश पेपर 120 नंबरचा, मग 180, मग 220, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं की चरे पडतात आणि शेलॅकचा थर चढला की प्रत्येक चरा उजळून दिसतो. जिथं जुनं पॉलिश टिकून होतं तिथं फक्त 320 नं हलकासा हात. हाताच्या कामाचा आवाज एवढा कमी की तो माझ्या पायाशी झोपून जायचा. खरं सांगायचं तर काम सुधारलं. गोल फिरणाऱ्या सँडरचे बारीक वळसे शेलॅकखालून डोकावतात, आणि हातानं घासताना बोटांना खळगा डोळ्यांच्या आधी कळतो. यंत्रानं ते सगळं एका दुपारी झालं असतं हेही खरं. ती दुपार मला अधूनमधून आठवते.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली खाणीत काम करणाऱ्यांना एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे अवशेष, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे. तो कुत्रा म्हणजे सात-एक महिन्यांचं पिल्लू होतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे दात पुन्हा तपासले, तेव्हा एनॅमलवर, म्हणजे दातांच्या बाहेरच्या कठीण थरावर, दोषाच्या रेघा आढळल्या. त्यावरून संशोधकांनी म्हटलं की पिल्लाला चार-साडेचार महिन्यांचं असताना बहुधा डिस्टेंपर (भिंतीचा रंग नव्हे, कुत्र्यांना विषाणूमुळे होणारा आजार) झाला होता, आणि त्या आजारातून ते काही आठवडे तरी तगलं ते माणसांनी शुश्रूषा केल्यामुळेच. शिकारीला उपयोग नाही, राखणीला नाही, उलट घाण काढावी लागतेय, आणि तरी कुणीतरी त्याला पाणी पाजत राहिलं.

हाड आयुष्यभर आतून स्वतःची डागडुजी करत राहतं. एनॅमल नाही. ते एकदाच बनतं, आणि बनत असताना ताप आला तर तापाची रेघ त्यात कायमची राहते. भुंग्याचे पक्के दात त्या महिन्यांत हिरड्यांच्या आत बनत होते. डिस्टेंपरच्या लसीची तारीख माझ्याकडून कधी पुढे गेली नाही, पण पूर्वी ती मी दप्तरी काम म्हणून पाळली असती. हे वाचल्यानंतर नाही.

आता पोपटी रंगाचे खण. अमेरिकेनं घरगुती रंगांतलं शिसं 1978 साली बंद केलं, काही देशांनी त्याआधी, बऱ्याच देशांनी फार उशिरा. त्यामुळे जुन्या वस्तूवरच्या जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चालावं. तपासायच्या काडीचा रंग बदलला आणि शंका खरी ठरली. असा रंग कोरडा घासायचा नाही. त्याची धूळ डोळ्यांना दिसेनाशी होते पण जमिनीवर राहते, आणि रांगणारी मुलं व पिल्लं जमिनीवरच राहतात. शिशाची संयुगं चवीला गोडसर असतात, त्यामुळे पोपडे पुन्हा पुन्हा चघळले जातात. मुलीला भुंग्याला खणात चादर घालून झोपवायचं होतं. फोटो सुंदर आला असता, कबूल. "आई, फक्त एक फोटो!" खण प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून कपाटावर गेले आणि अजून तिथंच आहेत. मुलगी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

फुगणारा पॉलियुरेथेन डिंक घरातूनच काढून टाकला. तो ओलाव्यानं फुगतो. कुत्र्यानं थोडा चाटला तरी पोटात फुगून त्याचा घट्ट गोळा होतो आणि तो बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो. डब्यावरची चित्रं फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका एवढंच बजावतात. आणि जवसाच्या तेलाची फडकी: तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हे पिल्लू नसलेल्या घरालाही लागू आहे, पण पिल्लू असलं की ते फडकं पळवून सोफ्यामागे नेऊन दडवणाराही कुणी असतो.

शेवटी शेलॅक निवडलं त्यात जुन्या टेबलाचा मान राखणं होतं तसंच भुंग्याचं झोपेचं वेळापत्रकही होतं. पॉलियुरेथेनचा एक थर वाळायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्या वेळात त्यावर केस, धूळ आणि एखादा पंजा उमटणारच. शेलॅकचा पातळ थर अर्ध्या-पाऊण तासात हात लावण्याजोगा होतो. म्हणजे तो झोपला की खिडक्या उघडायच्या, सुती फडक्यात बांधलेला बोळा घ्यायचा, एक थर द्यायचा, दार ओढून घ्यायचं. स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत त्याला प्रवेश नाही. तो उठेपर्यंत थर वाळलेला. लोक म्हणतात पिल्लामुळे काम होत नाही. माझं काम त्याच्या झोपेच्या मापानं कापलेलं होतं आणि त्या मापात शेलॅक बरोबर बसलं.

मात्र उठल्यावर दात. दुधाचे दात 28, सुईच्या टोकाचे. भावंडांबरोबर खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळून खेळ थांबवतं आणि त्यातून जबड्याचा जोर आवरायला पिल्लू शिकतं. भावंडं सुटली की ही शिकवणी आपल्या हातांवर येते. मुलीनं ती मनापासून घेतली. तो जोरात चावला की ती उठून खोलीबाहेर जायची, थोड्या वेळानं परत. मी ओरडायचे, नवरा हात वर करून उभा राहायचा. तिची पद्धत लागू पडली. घरात ज्याला सगळ्यात कमी सांगावं लागलं त्याच माणसाकडून तो सगळ्यात जास्त शिकला.

चौदावा आठवडा आला तसा गेला, कुठलीही घंटा न वाजता. सँडर आता शेजारच्या खोलीत चालतो आणि भुंगा मान वर करतो, दाराकडे बघतो, पुन्हा आपल्या हाडकाकडे वळतो. छत्रीला मात्र अजून भितो. त्या दिवसांत पाऊस नव्हता, छत्री घरात उघडून दाखवली होती ती तेवढी पुरेशी झाली नाही. रोज थोडी उघडून, खाऊ ठेवून चाललंय. फरक पडतोय, पण आवाजांच्या बाबतीत जे आठवड्यात झालं त्याला इथे महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात.

फळी झाली आहे. पांढरं कडं गेलं, शाई आहे तशी आहे, उजेड तिरपा पडला की जुना आणि नवा भाग कुठे जुळलाय ते मला कळतं, इतरांना नाही. खणांचा रंग ओला ठेवून, उघड्यावर, भुंगा घरात नसताना काढायचा आहे. ते काम कोरड्या हवेत. पाय जोडायला सरस भिजत घातला की घरभर कोण फिरू लागेल हे ठाऊक असल्यामुळे ते काम सर्वांत शेवटी. सध्या त्याचे दुधाचे दात पडायला लागलेत. बरेचसे तो गिळून टाकतो, एक मुलीला सतरंजीवर मिळाला आणि तिनं डबीत ठेवलाय. सातव्या महिन्याच्या सुमारास पक्के 42 दात येऊन हिरड्यांची सळसळ थांबते म्हणतात. पाय तोवर पलंगाखाली, गोणपाटात. गोणपाट बदलावं लागलंय.